भासऱ्यांसाठी निवडलेला हेडफोन

माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, हेडफोन मी निवडला. धाकटीने मन लावून निवडला, असं घरात अजूनही म्हणतात. खरंच आहे ते. कुणाचा सूड घ्यायचा असेल तर मन लावूनच घ्यावा लागतो, वरवर करायचं ते काम नाही.

आमचं घर वाशीमच्या कडेला, मळ्यातच. मेथी, पालक, वांगी, थंडीत कोबी आणि बारा महिने सांबार, ज्याला इतर महाराष्ट्र कोथिंबीर म्हणतो. भाजी उपटायची, धुवायची, जुड्या बांधायच्या, हे सगळं बायकांनी. भासरे ती ऑटोत टाकून हर्रासीला, म्हणजे लिलावाला, न्यायचे, अडत्यापुढे ओतायचे आणि ऊन तापायच्या आत परत येऊन लिंबाखालच्या बाजेवर आडवे व्हायचे. मग मोबाईल सुरू. आधी गाणी, जेवणानंतर हाणामारीचा सिनेमा, ऊन कललं की बंदुकांचा खेळ. आवाज एवढा की विहिरीवर उभं राहून सांगता यावं, आत्ता कोण मेलं ते.

मी अनसिंगची. माझी आई बाजारात कापडाचं पाल टाकून भाजी विकायची आणि मी तिच्या मांडीला टेकून वाढले. पुढे निघून गेलेलं गिऱ्हाईक माघारी कसं फिरवायचं, हे मला मुळाक्षरांच्या आधी येत होतं. इथे आपल्या हातची लुसलुशीत मेथी अडत्याच्या ढिगात कुणाच्यातरी पिवळ्या मेथीखाली दबते, हे ऐकून माझा जीव जळायचा. मला बाजारात बसायचं होतं. दागिना नको होता, माहेरपण नको होतं. एवढं एकच मागणं होतं.

आमच्या घरात मागणं मांडायचीही रीत आहे. अमावास्येला औत धरत नाहीत. त्या दुपारी सगळं घर लिंबाखाली बसतं आणि मामाजी, माझे सासरे, घरातले प्रश्न काढतात. कोणी काही मांडलं की ते मोठ्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाला विचारतात, फार तर तीनदा, तुला काही म्हणायचं आहे का. बोलला तर त्याचं ऐकून घेतात. गप्प राहिला तर तो राजी. आणि एकदा ठरलं की पुढच्या अमावास्येपर्यंत त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही. मामाजींच्या वडिलांनी घालून दिलेली ही रीत आहे आणि ती मोडलेली मी पाहिली नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एका अमावास्येला मी धीर केला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं की बाजारात पाल लावून मी बसेन. भासरे बाजेवर सिनेमा बघत होते. ते वाद घालायला उठले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्याकडे बघत त्यांनी अंगठ्याने मोबाईलचा आवाज वाढवला. मी जरा मोठ्याने बोलले, त्यांनी आणखी वाढवला. मामाजी कानाला हात लावून काय म्हणते, काय म्हणते असं विचारत होते आणि सिनेमात एकामागून एक गाड्या आदळत होत्या. मध्येच सिनेमा जरा शांत झाला, तेवढ्यात भासरे बोलले.

"आपल्या घरच्या बाया बाजारात बसत नाहीत. ही कानामांगून आली अन् तिखट झाली."

माझ्या नवऱ्याला त्याच क्षणी विहिरीत काहीतरी बघण्यासारखं दिसलं. जाऊबाईंनी, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोने, मान वर केली नाही. मामाजी विहिरीवरच्या मोटारीच्या दुरुस्तीच्या विषयाकडे वळले. माझं वाक्य अर्धवट माझ्या तोंडातच राहिलं. त्या दिवशी मी सांबाराच्या जुड्या इतक्या आवळल्या की देठं तुटली. नुसता नकार दिला असता तर मी कदाचित विसरले असते. पण मी बोलत असताना आवाज वाढवला, हे मी विसरणार नव्हते. तुम्हाला आवाज आवडतो ना दादाजी, मी मनात म्हटलं, पोटभर देते.

संधी मात्र आपल्या पायाने चालत आली. मामाजींचा दुपारचा डोळा त्या बंदुकांनी लागेना. एक दिवस त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, त्याच्या कानाले लावाचं काहीतरी आण बाप्पा. नवरा शिरपूरला देवदर्शनाला गेला होता, तिथल्या एका दुकानातून तो हेडफोन घेऊन आला. निवडला कसा? जसा आमच्याकडे कोबी निवडतात तसा. दोन्ही हातांत दोन गड्डे धरायचे, तोलायचे, जड असेल तो भरलेला. आमच्या घरात कुकर असाच घेतला, टॉर्च असाच घेतला, माझ्या नवऱ्याने सोयरीक जुळवताना मला उचलून पाहिलं नाही एवढंच. भासऱ्यांनीही तो हेडफोन हातात तोलला आणि माल चांगला असल्याचं सांगितलं.

थोड्याच दिवसांत त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हेडफोन खुंटीवर गेला आणि बंदुका पुन्हा मोकळ्या सुटल्या. मग तो खुंटीवरून पडला, फुटला आणि दोन्ही बाजूंनी आतून एकेक लोखंडाची चकती निघाली. डिंकासारख्या कशानेतरी चिकटवलेली, कशालाच न जोडलेली. नुसतं वजन. हाताने तोलून माल घेणारे आमच्यासारखे लोक जगात पुष्कळ आहेत, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. नवरा ओशाळला. मी आधी हसले आणि मग त्या चकतीकडे बघता बघता मला सगळं लख्ख दिसलं. भासरे अमावास्येच्या बैठकीतसुद्धा मोबाईल सोडत नसत. स्वतःचा विषय निघाला तरच मान वर करायचे. त्यांच्या कानांवर चांगला हेडफोन असता तर?

मी मामाजींना म्हटलं, ब्लाउज शिवायला टाकायचा आहे, जाते गावात, हेडफोनही बघते. आधी मी बरेच दिवस मोबाईलवर त्याची माहिती सांगणारे व्हिडिओ पाहिले होते, गोठ्यामागे उभं राहून, आवाज अगदी बारीक करून. भाजी विकणाऱ्या आईची लेक मी. माल घ्यायचा तर गिऱ्हाईक कोण ते आधी ओळखायचं आणि या गिऱ्हाइकाला माझ्याइतकं ओळखणारं कोणी नव्हतं.

चौकातल्या दुकानात म्हातारे चाचा होते. त्यांनी पहिलाच काढला तो रंगीत दिवे लागणारा. गेमवाले पोट्टे हाच नेऊन राह्यले, म्हणाले. मी म्हटलं, दिवे कानावर लागतात, घालणाऱ्याला दिसत नाहीत, बॅटरी मात्र खातात. मग त्यांनी कानात खोचायच्या गोळ्या दाखवल्या. त्या बाजेवर लोळताना पडतात, नको. मला पूर्ण कान झाकणारा हवा होता. रेक्झिनची गादीही नको, आमच्या उन्हाळ्यात तिच्याखाली घामाची धार लागते आणि माणूस तो काढून ठेवतो. त्यांनी तो काढून ठेवायलाच नको होता. म्हणून कापडी गादी आणि वजनाला हलका. मी हातात तोलून सगळ्यात हलका तोच बाजूला काढत होते आणि चाचा मला वेडी समजत होते.

सिनेमासाठी संवाद स्वच्छ यायला हवे होते, नाहीतर ते सारखा मागे नेऊन बघतील आणि वैतागतील. गाण्यासाठी ढोल भरीव हवा, पण इतकाही नाही की गाणाऱ्याचा आवाज त्यात बुडावा. खरी गोम खेळात होती. बिनतारी हेडफोनात बंदूक आधी उडते आणि आवाज मागून येतो. भासऱ्यांनी तो एका दिवसात फेकला असता. मी दुकानात उभी राहून, खांद्यावर पिशवी, डोक्यावर पदर, मोबाईलवर धडाधड गोळ्या झाडून पाहिल्या. एका हेडफोनात बटण दाबलं की हा उशीर जवळजवळ जात होता, शिवाय बॅटरी संपली तर तार लावायचीही सोय होती. त्याच्यासारखेच आणखी दोन मी काढायला लावले. तिन्ही आमच्या ऐपतीतले होते.

मग मी चाचांना माझी शेवटची अट सांगितली.

"चाचा, तुमी माह्या मांगं उभं राहून मले हाका मारा."

त्यांनी दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, पण मारल्या. पहिल्यात चाचाही ऐकू आले आणि रस्त्यावरचे ऑटोही. दुसऱ्यात चाचा बुडाले, हॉर्न राहिले. तिसऱ्यात मी गाणं लावलं आणि थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं तर चाचा तोंड उघडून, मान ताणून माझ्या पाठीवर ओरडत होते आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं. मला इतका आनंद आई गेल्यापासून झाला नव्हता. हाच बांधून द्या, म्हटलं. कोणासाठी, असं त्यांनी विचारलं. घरातल्या मोठ्यांसाठी, मी सांगितलं. नसीबवाला हाये बा, चाचा म्हणाले, आणि मीही हो म्हटलं.

भासरे बेहद्द खूश झाले. धाकटीले समजते म्हणाले, तेही सगळ्यांसमोर. मी पदर ओढून कौतुक करून घेतलं. मळ्यात शांतता झाली, मामाजी घोरू लागले. एक गोष्ट मात्र मी ठरवली नव्हती. हेडफोन रोज सकाळी चार्जिंगला लावायचं काम जाऊबाईंनी आपणहून अंगावर घेतलं. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनीही काही विचारलं नाही.

अमावास्या आली. लिंबाखाली सगळे बसले, भासरे बाजेवर, कानांवर हेडफोन, डोळे खेळात. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी हळू आवाजात, कारण आता ओरडायची गरज नव्हती. "मामाजी, बाजारात पाल लावून मी बसीन." मामाजींनी थोरल्याकडे तोंड करून विचारलं, मोठ्या, तुले काही म्हनाचं हाय का. भासऱ्यांचे अंगठे चालत राहिले. मामाजींनी पुन्हा विचारलं. त्यांच्या खांद्याला नुसतं बोट लावलं असतं तरी पुरे होतं, आणि सगळ्यात जवळ बसल्या होत्या त्या जाऊबाई. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पुढ्यातली मेथी उचलली, जुडी बांधली, ठेवली आणि दुसरी घेतली. मामाजींनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मग म्हणाले, राजी हाय. माझ्या नवऱ्यानेही या वेळी विहिरीकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑटोत भाजीच्या शेजारी चढून बसले, तेव्हा भासऱ्यांना कळलं. त्यांनी हे कोणी ठरवलं म्हणून आकांडतांडव केलं. तुह्याच समोर ठरलं, तीनदा इचारलं, मामाजी म्हणाले आणि दात घासायला निघून गेले. मी मुद्दाम बाजारापर्यंत गुणगुणत गेले.

महिनाभर मी बसले. पहिल्याच दिवशी माझी मेथी अडत्याकडची हर्रासी उरकायच्या आत संपली. पण मला पोटभर वाटेना. भासरे हरले होते खरे, पण मी बोलले ते त्यांच्या कानांवर पडलंच नव्हतं. ज्याला लागतच नाही त्याला मारण्यात काय मजा?

पुढच्या अमावास्येला ते तयारीने आले. हेडफोन उशाला काढून ठेवला, मांडी घातली आणि बोलायला लागले. घराची अब्रू, लोक काय म्हणतात, बाईच्या जातीने कसं राहावं. मी उठले. बाजेजवळ गेले, उशाचा हेडफोन उचलला, कानांवर घातला, माझ्या मोबाईलला जोडून गाणं लावलं आणि त्यांच्या समोर येऊन बसले. त्यांच्याकडे बघत मी आवाज वाढवला. त्यांचं तोंड चालत होतं, हात चालत होते, मानेची शीर फुगली होती आणि माझ्या कानांत ढोल वाजत होता, भरीव, जसा निवडला होता तसा. चेहरा कसा लाल होत जातो ते मी शेवटपर्यंत पाहिलं. त्या सुखात मी एक गोष्ट विसरले. मामाजींचे ओठ आता माझ्याकडे वळून हलत होते. ते विचारत होते, आणि गप्प राहील तो राजी, म्हणजे माझं बाजारात बसणं बंद.

मला ते कळलंच नाही. कळलं ते माझ्या एका कानावरची गादी उचलली गेली तेव्हा. जाऊबाईंचा हात होता, मेथीच्या मातीने भरलेला.

"तिसऱ्यांदा इचारून राह्यले," त्या म्हणाल्या. "बोल."

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हटलं, मामाजी, मले म्हनाचं हाय. मी बाजारात बसून राह्यली, अन् बसीन. कोनाच्या म्हनन्यानं उठनार नाही.

मामाजींनी सगळ्यांकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. भासऱ्यांनी मोबाईल हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. त्यांच्या कानांवर या वेळी काहीच नव्हतं.