कोंडीतली शिवण

माझ्या थोरल्या जावेविषयी कुणी चांगलं बोलायला लागलं की माझं डोकं सणकतं. अख्खा रस्ता तिला दाभणबाई म्हणायचा. ट्रकवरच्या फाटक्या ताडपत्र्या शिवायची ती. हात असा चालायचा की बघत राहावं, पण हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही.

आमचं घर हमरस्त्याला लागून होतं. सासऱ्यांनी मधे भिंत घालून दोन भाग केले होते. रस्त्याकडचा आमचा, मागचा तिचा. थोरले दीर गेल्यापासून ती एकटीच राहायची आणि दाभणाच्या जिवावर पोट भरायची. दारासमोर दिवसभर ट्रकांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असे. हॉर्न, धूर, ड्रायव्हरांच्या शिव्या. कान नुसते किटायचे. तिचं सगळं काम त्या रांगेतच चाले. कुठं ताडपत्री फडफडताना दिसली की ड्रायव्हरला हाक मारायची, त्याने मान हलवली की मागून वर चढायची आणि गाडी सरकत असतानाच टाके घालायची. काम झालं की उतरून मागच्या फळीवर दोन थापा. त्या थापा ऐकल्याशिवाय कुणी ड्रायव्हर गाडी दामटत नसे. दामटायला पुढे जागा होतीच कुठं म्हणा.

गंमत अशी की त्या कोंडीला सगळ्यात जास्त शिव्या हीच घालायची. मुडदा बसवला त्या कोंडीचा, म्हणायची, निम्म्या गाड्या मागेच अडकून पडतात, माझ्यापर्यंत पोचतच नाहीत.

रस्ता रुंद करायचं निघालं तेव्हा रस्तेवाला साहेब शाळेच्या हॉलमध्ये रंगीत नकाशा घेऊन आला. कोंडी फुटेल, माल वेळेवर पोचेल, सगळ्यांचा फायदा होईल, असं गुळगुळीत बोलत होता. आम्ही सगळ्या रस्त्याकडच्या घरांनी नाही म्हणायचं ठरवलं होतं. एकमुखानं. तेवढ्यात ही बया उठली.

“करा रुंद,” ती म्हणाली. “आत्ता येतात त्याच्या दुप्पट गाड्या येतील. दुप्पट गाड्या म्हणजे दुप्पट फाटक्या ताडपत्र्या. नको कशाला म्हणायचं?”

साहेबानं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मग काय, जिचं सगळं आयुष्य रस्त्यावर गेलं तीच हो म्हणतेय, असं म्हणत एकेक जण ढिला पडत गेला. नकाशावरची लाल रेघ माझ्या स्वयंपाकघरातून जात होती आणि आमच्या मधल्या भिंतीशी थांबत होती. तिच्या घराला धक्का नव्हता.

घरी येताना मी तिला म्हटलं, “जाऊबाई, माझं घर घालवलंत तुम्ही.”

“धाकटे, तुला मोबदला मिळेल, मला काम मिळेल. त्यात रडायचं काय?”

“तुमचं भलं तुमच्यापाशीच ठेवा,” मी म्हणाले, आणि तिथून पुढे आमचं सरळ बोलणं संपलं.

घर पाडलं. मधली भिंत तेवढी राहिली, तिच्या घराची बाहेरची भिंत म्हणून. माझ्या स्वयंपाकघराचा निळा रंग, फडताळाचे खिळे, चुलीवरची काजळी, सगळं उघड्यावर. आम्ही लांब चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. तरी दर रविवारी मी तिच्याकडे जायची. विचारपूस करायला नाही, भांडायला. खोटं कशाला बोलू? चुकलं माझं, एवढं एकदा म्हणा, असं मी म्हणायची आणि ती म्हणायची, “चहा घेणार का?”

रस्ता सुरू झाला. दोन्ही बाजूंना उंच पत्र्याची भिंत, आणि पलीकडून ट्रक सुसाट. दुप्पट काय, तिप्पट असतील. एकही थांबेना. ही दाभणाला तेल लावून दारात बसलेली. ड्रायव्हरांना अजून घर सापडत नसेल, म्हणायची. पत्र्यावर पाटी लावली, ती रस्तेवाल्यांनी काढून टाकली. डबे रिकामे होत चालले होते, मला दिसत होतं. मी काही नेलं नाही. बसू दे तशीच, असं मनात होतं माझ्या.

एका रविवारी आमचं भांडण रंगात आलेलं असताना पलीकडे ब्रेक करकरले आणि मग हॉर्न. एक, दोन, मग सगळेच. पुढे कुठंतरी कंटेनर आडवा झाला होता. जाऊबाईंनी मान वर केली. इतक्या महिन्यांत तो चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. पिशवी उचलली आणि निघाल्या. पत्र्याच्या भिंतीला कामगारांसाठी एक लहान दार होतं, त्याची कडी तुटलेली. मी मागून ओरडत गेले, “अहो, डोकं ठिकाणावर आहे का?”

पहिल्याच लेनमध्ये एका ट्रकची ताडपत्री फाटली होती. ड्रायव्हर पोरगेला. तिनं खुणेनं विचारलं, त्यानं हसून मान डोलावली. ती वर चढली, पालथी पडून टाके घालू लागली. मी दारात उभी. गाड्या हळूहळू सरकायला लागल्या. ती निवांत होती. सरकत्या गाडीवर शिवण्यातच तिचा जन्म गेला होता. थापा मारल्याशिवाय गाडी पळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या पोराला कुठं ठाऊक होतं? पुढे रस्ता मोकळा झाला आणि त्यानं गाडी सोडली. ती ताडपत्री बांधलेल्या दोराला धरून आडवी झालेली मला दिसली. मी धावले. जिचं वाटोळं व्हावं म्हणून दर रविवारी येत होते, तिच्यासाठी घसा फाटेपर्यंत ओरडले. तेवढ्यात ट्रक दिसेनासा झाला.

नव्या रस्त्यावरून खाली उतरायची पहिली वाट थेट मालगोदामापाशी, ट्रक तिथंच जाऊन थांबला. तिथल्या पहारेकऱ्याचा फोन आला. मी भाड्याची गाडी करून गेले. जाऊबाई पहारेकऱ्याच्या बाकावर बसल्या होत्या. दोरानं दोन्ही तळवे सोलून निघालेले, उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. डॉक्टर बघून गेले होते. शिलाईचं काम विसरा, म्हणाले होते.

“धाकटे, पूर्वी गाडी थांबायची गं,” त्या म्हणाल्या.

“थांबायची नाही, जाऊबाई. अडकलेली असायची.”

त्या सोललेल्या तळव्यांकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे त्या कोंडीवरच जगत होते मी. आणि मीच ती फोडायला निघाले. तुझं घरही घालवलं. चुकलं माझं.”

या एका वाक्यासाठी मी किती रविवार घालवले. ऐकलं, आणि मला तिचा आणखीच राग आला. आता भांडायचं कुणाशी?

मी तिला धरून गाडीत बसवलं. ट्रकवरून उतरवलेली पिशवीही घेतली, आत दाभण तसंच होतं. ड्रायव्हरला माझा पत्ता सांगितला.

“नव्या रस्त्यानं घेतो,” ड्रायव्हर म्हणाला. “लगेच पोचाल.”

“गावातल्या जुन्या रस्त्यानं घे,” मी म्हणाले.

“तिकडे कोंडी असते, ताई.”

“असू दे,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.