झाकलेली गाठ
नव्या मखमलीचा वास आला की अजून जीव थाऱ्यावर राहत नाही. मी लहान असताना म्हैसुरात देवीची साथ होती. ताईच्या अंगावरचे फोड आम्ही शेजाऱ्यांपासून चादरीखाली लपवले होते, आणि शिंपीकाम करणारे अप्पा चर्चमधल्या संत रोकच्या मूर्तीला मखमली झगा शिवत होते. साथीपासून राखणाऱ्या त्या संताच्या उघड्या मांडीवर प्लेगची गाठ कोरलेली. बरं दिसेना, म्हणून अप्पांनी झगा घोट्यापर्यंत आणला. चर्चमधली म्हातारी ओरडलीच, "अय्यो मास्तरे, हुण्णु काणबेकु, जखम दिसायलाच हवी! तीच दिसली नाही, तर दुखणेकऱ्यांनी याला आपला कसा म्हणायचा?" अप्पांनी तिथंच झग्याला कात्री लावली. घरी येऊन दार सताड उघडलं, आणि गल्लीतल्या पोरांसाठी देवी टोचणाऱ्याला स्वतः बोलावून आणलं. आता दुकानात मी बसते. माप घेताना आधी विचारते, काय झाकायचं नाही ते सांगा.