हाताला कळेल असा मंगळ

वलगावच्या शाळेत मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी एका तासाला मंगळाभोवती फिरलेल्या पहिल्या यानाची हकीकत सांगत होते. ते पोचलं तेव्हा अख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ होतं. फोटोत नुसता धुरळा आणि त्यातून डोकावणारे चार काळे ठिपके. यान फिरत राहिलं. काही आठवड्यांनी धूळ बसली, तेव्हा कळलं की ते ठिपके म्हणजे प्रचंड ज्वालामुखींचे माथे. मग त्याने जवळजवळ सगळा ग्रह टिपला. त्यांतल्या सगळ्यांत मोठ्या डोंगराचा मोबाइलवरचा फोटो मी बाकांवरून फिरवला.

पहिल्या बाकावरच्या मुलीने मोबाइल तसाच पुढे दिला. "मॅडम, सारे पाहून राहिले. मले कसा समजन तो डोंगर?"

तिला जन्मापासून दिसत नाही. हे मला माहीत होतं, आणि तरी मी फोटोवर भागवलं होतं. मला लाज वाटली.

"तुझ्या हातात देते," मी बोलून गेले.

अमरावतीला घरी येऊन प्लायवूडच्या फळीवर शेतातल्या काळ्या मातीचा मंगळ थापला. तीन दिवसांत वाळून तो असा तडकला, की मंगळावर नसलेल्या शंभर दऱ्या तयार झाल्या. शेजारी मोहरमचे ताबूत बनवणारे एक चाचा राहतात. ते बघून हसले.

"मॅडम, काली मिट्टी तो फटेगीच. कागज का लगदा बनाओ, मेथी पीसके डालो. कीडा नहीं लगता."

मी वर्तमानपत्रं भिजवली. दोन आठवड्यांनी कागदी मंगळ मांडीवर घेऊन वलगावच्या बसमध्ये बसले.

मुलीने तो सावकाश चाचपला. त्या मोठ्या डोंगरावर बोट थांबलं. मी तो लिंबाएवढा उंच केला होता.

"खरंच इतका उभा हाय?"

"नाही गं. मापात केला असता तर तुझ्या बोटाला लागलाच नसता."

"मंग खोटा कावून केला?"

रविवारी सकाळी मी वही घेऊन बसले. डोंगर सहाशे किलोमीटर रुंद, उंची पंचवीसच्या आत. अख्खा मंगळ राहू दे, हा एकच डोंगर खऱ्या मापात करायचा, असं ठरवलं. एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर. लगदा दोनदा फुगला, दोन्ही वेळा खरवडून काढला. चाचा म्हणाले, थर पातळ द्या, एक सुकला की दुसरा. तसं केलं. महिना गेला.

नवा डोंगर टोपलीच्या झाकणाएवढा पसरट होता. मुलीचं बोट आधी काठाच्या उभ्या कड्याला अडलं, मग वर सरकलं आणि किती तरी वेळ चढतच राहिलं. माथ्यावरच्या खड्ड्यात ते उतरलं.

"बापा! याच्यावर चढणाऱ्याले समजतबी नसन, आपण डोंगरावर हाओत म्हणून."

तिवसा इथल्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही तोच मांडला. परीक्षक आले, लांबूनच म्हणाले, "डोंगर कुठे आहे? उंची जरा दाखवायला हवी होती."

"सर, हात ठेवून पाहा ना," ती म्हणाली.

त्यांना पुढचं टेबल गाठायचं होतं. आम्हाला काही मिळालं नाही. परतताना बसमध्ये तिने विचारलं, "मॅडम, माप बराबर होतं ना?"

"होतं."

"मंग जाऊ द्या त्याइले."

आता ती दहावीत आहे. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत येते आणि मंगळावरची चार हजार किलोमीटर लांब दरी त्याच मापात करते. लगदा तीच मळते. मी शेजारी बसून फक्त आकडे वाचून दाखवते. दरी चार फळ्यांवर पसरली आहे, आणि पाचवी फळी तिने काल मागितली.