घरोघरी ठेवलेले अंक

सोनगीरच्या वाचनालयाचं छप्पर कोसळलं, तेव्हा झुलाल नाना तिथले ग्रंथपाल होते. जुन्या साप्ताहिकाचे बांधीव खंड भिजू नयेत म्हणून त्यांनी ते गावात वाटून टाकले; ज्याच्या घरात कोरडा कोनाडा, त्याच्याकडे एक खंड. "नवी इमारत झाली की न्यायला येईन," असं ते प्रत्येकाला सांगून आले. इमारत झालीच नाही. नाना म्हातारे झाले.

गेल्या वर्षी धुळ्याच्या आणि जळगावच्या ग्रंथालयांनी मिळून खानदेशात विखुरलेली जुनी वर्तमानपत्रं संगणकावर आणायला घेतली. धुळ्याहून नूतन नावाची ग्रंथपाल नानांकडे आली, आणि नाना काठी घेऊन पुन्हा घरोघर निघाले.

कुणी खंड कडुनिंबाचा पाला घालून जपला होता. कुणाच्या घरी तो केव्हाच रद्दीत गेला होता. नाना कुणाला बोलले नाहीत. "बरं," म्हणायचे आणि पायरी उतरायचे.

कुंदाबाईंनी मात्र खंड असूनही दिला नाही.

"मना पोऱ्याना येकच फोटू शे त्यामा. तो मी देवाव नही."

त्यांचा अमृत ऐन तारुण्यात हायवेवर अपघातात गेला होता. त्याआधी त्यानं जत्रेत कुस्ती मारली, तेव्हा त्याचा फोटो साप्ताहिकात आला होता. नानांनी आग्रह धरला नाही. चार दिवसांनी नूतनला स्कॅनरसकट कुंदाबाईंच्या ओसरीवर घेऊन आले.

"अक्का, खंड तुमच्याकडेच राहील. पानांचे फक्त फोटो घेते," नूतन म्हणाली.

कुंदाबाई जवळ बसून राहिल्या. ते पान आलं तेव्हा नूतननं पडद्यावर फोटो मोठा केला. कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"खाले काय लिखेल शे?" त्यांनी विचारलं.

नाना वाचताना अडखळले. पेपरानं नाव चुकवलं होतं. फोटोखाली 'अमर' छापलं होतं. कुंदाबाईंना वाचता येत नव्हतं, आणि इतकी वर्षं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मना पोऱ्यानं नाव अमृत शे," त्या ताठ बसून म्हणाल्या. "बराबर लिख, बेटा."

"छापलेलं बदलता येत नाही, अक्का. पण सोबत टीप लिहिते. फोटो पाहणाऱ्याला ती दिसेल."

नूतननं टीप लिहिली आणि दोनदा वाचून दाखवली. मगच कुंदाबाईंनी पुढचं पान उलटू दिलं.

काम संपेपर्यंत गावात न सापडलेल्या काही वर्षांचे अंक जळगावच्या संग्रहात मिळाले, काही कुठेच मिळाले नाहीत. नूतन यादीत त्या वर्षांपुढे 'नाहीत' असं लिहू लागली.

"नाहीत नको," नाना म्हणाले. "होते, असं लिहा. मी स्वतः बांधले होते."

नूतननं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तसंच लिहिलं.