स्थानिक मित्राने पळायचं कुठवर

अफगाणिस्तानच्या डोंगरात घोड्यावर बसून लढलेल्या माणसाला खोगिराचा पट्टा आवळता येत नाही, हे मी माझ्या तबेल्यात पहिल्याच दिवशी पाहिलं. तेव्हाच त्याला हात जोडायला हवे होते. जोडले नाहीत, ती चूक माझी. पुढच्या सगळ्या त्याच्या.

तबेला किलकेनीपासून अर्ध्या तासावर. बायको सॉफ्टवेअरमध्ये, तिच्यामागून मी आयर्लंडला आलो. मराठी मंडळात बरेच दिवस माझी ओळख ‘हिचे मिस्टर’ एवढीच. पण मी माथेरानच्या घोडेवाल्याचा मुलगा. एक म्हातारी घोडी घासाघीस करून घेतली, मग दुसरी, आज नऊ आहेत. मंडळाने मदत म्हणून सल्ले दिले.

हा अमेरिकन निवृत्त कमांडो कंपन्यांतल्या लोकांना ‘नेतृत्व’ शिकवायचा. सकाळी भाषण: आम्ही मूठभर जवान, तिथल्या स्थानिक मित्रांबरोबर, घोड्यांवरून शत्रूवर कसे तुटून पडलो. दुपारी कुरणात तशीच स्वारी. घोड्या माझ्या. शिवाय मी लोकरीची गोल अफगाणी टोपी घालून ‘स्थानिक मित्र’ म्हणून उभं राहायचं. टोपीचे मी वेगळे पैसे लावले. त्याने हूं की चूं केलं नाही, म्हणजे मी कमीच मागितले होते. ते अजून बोचतं.

एकदा भाषणानंतर मी त्याला विचारलं, “तिथे सकाळी तुमचा घोडा तयार कोण करायचं?”

“त्यांची माणसं.”

“दाणावैरण?”

“तीही तेच बघायचे.”

“आणि कड्यावरून उतरताना?”

“एकजण लगाम धरून पुढे चालायचा. फार भला माणूस.”

“नाव काय त्याचं?”

त्याने खांदे उडवले आणि कॉफी मागितली.

माझ्या घोड्या माथेरानच्या पद्धतीने तयार केलेल्या आहेत. तिथे घोडेवाला शेजारून पायी चालतो आणि घोडं पाठीवरच्या पाहुण्याचं ऐकत नाही, त्या पायांचं ऐकतं. पाय थांबले की थांबतं, पळाले की पळतं. नवशिक्याला यापेक्षा सुरक्षित काही नाही. कमांडोला हे मी आधीच सांगितलं होतं. “घोडे मला कळतात,” असं म्हणून त्याने विषय मिटवला.

आधीच्या शिबिरांत नुसतं चालणं होतं, निभावलं. या खेपेला डब्लिनच्या एका कंपनीचे आठजण आले, निम्मे पुण्याचे, आणि कमांडोला व्हिडिओसाठी दौड हवी होती. त्याने मला कॅमेऱ्यात न येण्याएवढं लांब उभं केलं, हात उंचावला आणि ओरडला, “चार्ज!”

नऊच्या नऊ घोड्यांनी माना खाली घातल्या आणि चरायला लागल्या.

तो पुन्हा ओरडला. टाचा मारल्या. त्याच्या घोडीने शेपूट हलवून लीद टाकली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग तो लालबुंद होऊन माझ्याकडे वळला. “तू पुढे पळ.”

“कुठवर?”

“त्या दगडी भिंतीपर्यंत. बाकीचं आम्ही बघतो.”

“पळतो. पण आधी यांना सांगा, की घोड्या मी शिकवल्यात आणि माझ्यामागून येणार आहेत.”

“ते व्हिडिओत बसत नाही.”

तेवढ्यात पुढच्या घोडीवरचा पुणेकर मॅनेजर मराठीत म्हणाला, “अहो दादा, पळा ना जरा! दोन मिनिटांचं काम. पाऊस येतोय.”

त्याच्यामागची बाई म्हणाली, “भाव खातायत.”

बारा वर्षांचा असताना मी असल्याच लोकांना पाठीवर बसवलेल्या घोड्यांबरोबर लाल धुळीत अनवाणी पळालो आहे. तेव्हा ‘दादा’सुद्धा नव्हतं, नुसतं ‘ए, पळव ना’ असायचं. सातासमुद्रापार येऊन, स्वतःच्या कुरणात, स्वतःच्या घोड्यांपुढे पुन्हा तेच करायचं?

मी टोपी काढून खिशात कोंबली, पाठ फिरवली आणि तबेल्याकडे चालायला लागलो. सावकाश, पाहुणे पडू नयेत म्हणून. मागे टापा वाजायला लागल्या. “थांब! थांब!” कमांडो ओरडत होता. मला की घोडीला, कोण जाणे. वळून पाहिलं तर लगाम छातीपर्यंत ओढून तो रांगेत चौथा येत होता. घोडी मान वाकडी करून, पण चालतच होती.

एकेकाला हात देऊन मी खाली उतरवलं. पुणेकर मॅनेजर माझ्याकडे न बघता म्हणाला, “पैसे परत मिळतील ना?”

“ज्याने नेतृत्व शिकवलं त्याला विचारा,” मी म्हणालो.

पुढची शिबिरं गेली ती गेलीच. बायको म्हणाली, “दोन मिनिटं पळाला असतास तर काय झिजलं असतं?”

तिला काय सांगणार? मिटिंगमध्ये तिची कल्पना दुसऱ्याने स्वतःची म्हणून मांडली, तेव्हा ही दोन दिवस जेवली नव्हती. मी तेवढीच आठवण करून दिली. मला वाटतं, ती त्या दिवसापासून माझ्याच बाजूची आहे, फक्त तसं कबूल करत नाही.