बेरीज नऊ आणि भागही जाऊ नये

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा किस्सा संपतो तिथं मला अजूनही हसू येत नाही. बी.एस्सी.ला गणित होतं हो माझं! आणि तरी…

दादा आणि आमचा चुलतभाऊ सुनीलभाऊ मिळून टोमॅटोसाठी पिकअप घेत होते. रानाची वाटणी झाली तेव्हापासून बोरी गावात आमच्या दोन घरांत चहासुद्धा बंद. दादानं कसंबसं जुळवून आणलेलं. सकाळी सगळे आमच्या ओट्यावर. संध्याकाळपर्यंत एजन्सीवाल्याला गाडीचा नंबर कळवायचा होता.

"७२८१ मोकळा हाय," सुनीलभाऊ म्हणाला. "बेरीज अठरा, एक आन् आठ नऊ! नऊ नसंल तर मी गाडीला हात लावत न्हाई."

गप्प बसावं ना? पण मी दचकले की तोंडातून काहीतरी सांडतंच. "अगंबाई, याला तर नवानं भाग जातो!"

दोघांच्या गाडीला भाग जातो? वाटण्या झालेल्या घरात असं बोलतं का कुणी?

"मंग भाग न जाणारा नंबर असतोय व्हय?" सुनीलभाऊनं विचारलं.

"असतो की! मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाची टाप नाही! ९९७३ घ्या, चार आकड्यांतली सगळ्यात मोठी."

सुनीलभाऊनं बोटांवर मोजलं. "अठ्ठावीस, मंग धा, मंग एक. छ्या! नऊ बी पायजे आन् भाग बी जाता कामा नये."

"शोधते ना!" हे मीच बोलले बरं का.

"थांब राव सुनील," दादा फुशारला, "आपली बहीण लई शिकलीय." आणि ७२८१ सोडला.

मग काय! ५४०९ घेतला, नवानं भाग. दुसरा, नवानं भाग. तिसरा, पुन्हा तेच! मला वाटलं, मी भागाकारच विसरले. दुपारी एकदम लक्षात आलं. बेरजेला नवानं भाग गेला की संख्येलाही जातोच! शिकवणीतल्या पोरांकडून मीच घोकून घेते हो हे!

सांगायचा धीर गोळा करेपर्यंत संध्याकाळ झाली. एजन्सीत गेलेल्या दादाला फोन लावला.

"दादा, तसा नंबर… नाहीच."

"कुणी घेतला?"

"कुणी नाही रे. असूच शकत नाही."

"मंग सकाळीच का न्हाई बोललीस, बाई?"

वाट बघून एजन्सीवाल्यानं मिळेल तो नंबर टाकला होता. ६८०३. मागून सुनीलभाऊ ओरडला, "बेरीज सतरा, म्हंजे आठ! शनीचा आकडा! माझं नाव काढा त्यातनं!"

काढलं. आता हप्ता, डिझेल, मार्केट, सगळं दादा एकटाच ओढतो. सुनीलभाऊ रस्त्यात दिसला तरी मान वळवतो.

परवा गाडी धुताना नंबरप्लेटकडे बघत बसले. सवय मेली! साताने बघितलं, अकराने, तेराने… चढत चढत एकोणऐंशीपर्यंत गेले. कशानंच भाग जाईना, आणि त्यापुढं बघायची गरजच नसते. मूळ संख्या!

"काय पुटपुटतीस गं?" दादानं विचारलं.

"काही नाही," म्हटलं, "चिखल लई आहे."