सीडीला हळद-कुंकू

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी संगणक शिकले आणि घरातल्यांची वाट लागली. मुलुंडला फरसाणच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तीन महिन्यांचा क्लास होता. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. ते मी लॅमिनेट करून शोकेसमध्ये ठेवलं, आणि जागा व्हावी म्हणून मुलाचा बुद्धिबळाचा कप मागे सरकवला. मी तेव्हा अशी आगाऊ होते, असं परवा नातीला सांगितलं तर म्हणते, "होतीस म्हणजे?" कार्टी.

त्याच वर्षी आमच्या ह्यांनी गाडी घेतली. दुसऱ्याची जुनी, आमची पहिली. गणपतीला तिनेच गावी, मालवणकडे जायचं ठरलं. गाडीत कॅसेटची सोय नव्हती, सीडीची होती. आणि सासूबाईंकडे होती एकच कॅसेट, सासऱ्यांच्या भजनी मंडळाची. सासरे गिरणीत होते. शनिवारी बुवांच्या मागे बसून टाळ वाजवायचे आणि सगळ्यांच्या वरताण ओरडायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज त्या कॅसेटशिवाय जगात कुठेही उरला नव्हता. सासूबाईंनी आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलं नाही, फक्त सुनावलं. या वेळी मागितलं. "गाडयेत ह्यांका लाव गो. गावाक सगळीच जावया."

"मी करून देतो," मुलगा म्हणाला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. "पाच मिनिटांचं काम आहे, आई."

"काही नको. मी कशाला शिकले मग?"

कॅसेट संगणकात उतरवायचं काम एका दुकानदाराने करून दिलं. सीडी बनवायची मात्र मीच. त्याला 'बर्न करणे' म्हणतात, हे मी सोसायटीत सगळ्यांना सांगून आले. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांनाही सोडलं नाही. पहिली सीडी तयार झाली. संगणकावर खणखणीत वाजली. मग मी ती देवापुढे नेली. नवीन वस्तू घरात आली की तिला हळद-कुंकू लावायचं, हे आमच्याकडे मिक्सरपासून गॅसच्या शेगडीपर्यंत चुकलेलं नाही. सीडीची सुलटी बाजू कुठली? अर्थात चकचकीत. माणूस तोंडाला कुंकू लावतो, पाठीला नाही. मी चकचकीत बाजूला दोन बोटं टेकवली, फुंकर मारली आणि सीडी गाडीत सरकवली.

गाडीने ती गिळली, जरा घरघरली आणि पडद्यावर 'एरर' अशी अक्षरं दाखवून बाहेर ओकली.

"गाडी जुनी आहे," मी म्हटलं.

"काल सिनेमाची गाणी वाजत होती की," हे म्हणाले.

"ती कंपनीची सीडी. तिला सवय आहे."

सीडीला कसली सवय, हे मला कोणी विचारलं नाही. त्या दिवसांत मला काही विचारायची कोणाची छाती नव्हती. दुसरी सीडी केली. तीही ओकली. तेव्हा शहाण्या बाईने काय करावं? मी हळद-कुंकू वाढवलं. तिसऱ्या सीडीला अक्षतासुद्धा लावणार होते, पण त्या चिकटेनात. चौथ्या सीडीनंतर गाडीने कंपनीच्या सीड्याही खाणं सोडलं. हे माझ्याकडे नुसते बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "तुजी ती ताटली कदी गातली गो?"

"उद्या, आई."

चतुर्थीला चार दिवस उरले तेव्हा हे गाडी कुर्ल्याला एका स्टिरिओवाल्याकडे घेऊन गेले. मीही गेले, कारण त्याला चार गोष्टी समजावून सांगायच्या होत्या. त्याने यंत्र उघडलं. आत मुगाच्या दाण्याएवढी काच असते, ती सीडी वाचते. ती काच लालपिवळी झाली होती. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग काचेकडे, मग पुन्हा कपाळाकडे.

"आंटी, अंदर मंदिर बनाया है क्या?"

हे हसले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, इतकं मोकळं हसताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

स्टिरिओवाल्याने स्पिरिटच्या बोळ्याने काच पुसली. सिनेमाची सीडी लगेच गाऊ लागली. माझी, कुंकू न लावलेली, नवी करकरीत पाचवी सीडी घातली. 'एरर'.

घरी येऊन मी मुलाच्या खोलीच्या दारात उभी राहिले. दोनदा पुढे आले, दोनदा मागे गेले. शेवटी म्हटलं, "अरे, तुला वेळ असला तर बघ जरा. नसला तर राहू दे."

त्याने सीडी संगणकात घालून पाहिली. "आई, तू नुसत्या फाईली टाकल्यास. संगणकाला त्या कळतात, या जुन्या स्टिरिओला नाही कळत. ऑडिओ सीडी म्हणून करायची असते. तू त्याला तांदूळ दिलेस, त्याला भात लागतो."

"हे क्लासमध्ये शिकवलं नाही."

"शिकवलं असणार. तू तेव्हा बोलत असशील."

कार्ट्याला खरंच पाच मिनिटं लागली.

निघालो त्या सकाळी मुलगा गाडी चालवत होता, हे शेजारी, आम्ही दोघी मागे. पनवेल सोडल्यावर त्याने सीडी लावली. गजर सुरू झाला, टाळ, मृदंग, आणि त्या सगळ्यांच्या वर सासरे. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. गजर संपला. मग नुसती खरखर, कोणाचं तरी खोकणं, आणि अगदी जवळून सासऱ्यांचा आवाज, "चाय झाली काय गो?"

"हाडतंय," चहा आणायला उठत असल्यासारख्या सासूबाई पुढच्या सीटकडे बघून म्हणाल्या. "वायच दम खावा."



माझ्या अंगावर मात्र काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता. माझ्या पाचही सीड्यांमध्ये तो चहा नव्हता. दोन गजरांमधला सगळा खोकला आणि गप्पा मी कापून टाकल्या होत्या. कापायला नुकतीच शिकले होते ना, हात शिवशिवत होते. मुलाने दुकानदाराची मूळ फाईल घेतली म्हणून तो वाचला. माझी एक जरी सीडी वाजली असती तरी त्या बाईच्या नवऱ्याने तिच्याकडे चहा मागितला नसता, आणि मी वर शाबासकी घेतली असती.

ती मी तरीही घेतलीच. सासूबाईंनी डोळे पुसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढे बसलेल्या ह्यांना म्हणाल्या, "बघलंस? माज्या सुनेन केल्यान."

मुलाने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मेहनत पडली हो, आई," मी म्हटलं.